पाद्रीबाबाच्या डोणीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी डोणी आहे. डोणी म्हणजे गुरांना पाणी पाजायचे टाके. गोव्यात हळर्णला आमचे मालक कृष्णनाथबाब यांच्या विहिरीला टेकून मी बसले आहे, चिऱ्यांची, आतून गिलावा केलेली. आत्मकथा सांगताना गोड बोलावे म्हणतात. पण माझ्याच्याने ते होणार नाही. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो कोणावर आहे ते तुम्हाला लवकरच कळेल.

मला विठ्ठल गवंड्याने बांधले. माणूस बांद्याकडचा, हात चांगला, पण सांगितलेले ऐकेल तर शपथ. मालक म्हणाले, गुडघाभर बांध. याने बांधली कमरेएवढी. "वासरांनी काय शिडी लावून पाणी प्यायचे?" असे मालकांनी विचारले, तेव्हा विठ्ठल विडी ओढत म्हणाला, "वासरां मोठी जातली." म्हशींना मात्र मी आवडले. उन्हातून आल्या की दोघी-दोघी तोंड घालायच्या आणि फुर्रकन नाक उडवायच्या. ती वर्षे चांगली गेली. मग मालकांनी पेडण्याच्या बाजारात दुकान टाकले, म्हशी विकल्या, एक गाय तेवढी ठेवली आणि अंगणापलीकडची बिऱ्हाडाची खोली भाड्याने दिली. त्या खोलीत शमुवेल उपदेशक आणि त्याची बायको सुमंगला राहायला आली.

शमुवेल मूळचा गडहिंग्लजचा. डिचोलीच्या एका खाणीवर तो कामगारांची हजेरी लावायचा. एके दिवशी त्याला देवाचे बोलावणे आले. त्याने दुपारी नोकरी सोडली आणि संध्याकाळी बायकोला सांगितले. हा क्रम लक्षात ठेवा. सुमंगला सावंतवाडीची. ती म्हणाली, "सोडलात ती सोडलात. आता खावचा काय, ता तुमच्या देवान सांगितल्यान?"

"तो पुरवील," शमुवेल म्हणाला.

पुरवले ते सुमंगलेने. गावात बालवाडी निघाली होती, तिथे ती शिकवू लागली. तिच्या पगारावर घर चालले आणि त्याचे बोलावणेही चालले.

गावाला हा माणूस कोणत्या खणात ठेवावा तेच कळेना. पाद्री म्हणावे तर झगा नाही आणि वर बायको आहे. चर्चमध्ये जात नाही, देवळात जात नाही, शास्त्र वाचतो मराठी. शेवटी सगळे त्याला पाद्रीबाब म्हणू लागले. त्याचा पंथ बाप्टिस्ट. त्यांच्यात मोठ्या माणसाने स्वतः समजून-उमजून, सगळ्यांसमोर साक्ष देऊन, आख्खे पाण्यात बुडायचे असते. त्याला बाप्तिस्मा म्हणतात. तान्हेपणी कपाळावर शिंपडलेले चार थेंब त्यांना चालत नाहीत.

पहिला बाप्तिस्मा त्याने नदीवर ठरवला. रुक्मिणी नावाची एक विधवा बाई तयार झाली होती. मालकांची आई पद्मावती हिने आदल्या दिवशी सांगून ठेवले, "पाद्रीबाबा, फाल्यां सकाळी सुकती आसा." सुकती म्हणजे ओहोटी. पण शमुवेल पडला घाटावरचा. नदी म्हणजे कधीही जा, वाहतेच आहे, अशी त्याची समजूत. "प्रभू पाणी देईल," असे म्हणून तो गेला. प्रभूने चिखल दिला. रुक्मिणी पांढऱ्या पातळात मांडीपर्यंत रुतली, तिला ओढायला गेलेला उपदेशकही रुतला, आणि काठावर सगळा गाव गोळा झाला. दोघांना बाहेर काढायला होडीची फळी टाकावी लागली.

घरी परतताना त्याची नजर माझ्यावर पडली. इतकी वर्षे लोकांनी माझ्या खोलपणाला नावे ठेवली, आणि आता या माणसाला तोच खोलपणा देवाने पाठवला असे वाटू लागले!

पद्मावतीआजीने आकांत मांडला. "आमची बांय बाटतली! पाव टाकतलो मरे तू बांयत?" जुन्या काळी विहिरीत पाव टाकून गावे बाटवली, ही गोष्ट तिने लहानपणापासून ऐकलेली. शमुवेलने हात जोडून सांगितले की पाव नाही, काही नाही, नुसते पाणी. आजी म्हणाली, गाय काय करते ते बघू. रुक्मिणीचा बाप्तिस्मा झाला, लोक पांगले, आणि गाय आली ती सरळ माझ्यात तोंड घालून घटाघटा प्यायली. आजीने कपाळाला हात लावला. "गायन तोंड लायल्यान मगो. मागीर बाटलां खंय?" तिथे तो वाद मिटला. माझ्या मताची गरज कोणालाच वाटली नाही. तशी ती पुढे भाषेच्या भांडणातही वाटली नाही. कोणी माझ्या एका अंगावर चुन्याने कोंकणीचा जयजयकार लिहिला, तर दुसऱ्या अंगावर गेरूने मराठीचा. दोन्ही पुसायला सुमंगलाच आली.

आता माझ्या रागाकडे येते. मला भरायला किती कळशा लागतात हे मला विचारू नका, सुमंगलेच्या खांद्याला विचारा. दर बाप्तिस्म्याच्या सकाळी ती पदर खोचून रहाटाशी उभी राही. कळशी खाली, कळशी वर, माझ्यात पालथी. पुन्हा खाली. शमुवेल तेव्हा पायरीवर डोळे मिटून प्रार्थनेला बसलेला असे. शेवटची कळशी ओतली की नेमके त्याचे डोळे उघडत. "पाणी तयार आहे, प्रभूची कृपा," असे तो म्हणे. कृपा! ती बिचारी खांदा चोळत चहा ठेवायला गेलेली असे. भरणारी तिथे नसली की पाणी आपोआप भरले असे लोकांना वाटते, मित्रांनो.

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर चार शिव्या मोजून मी मोकळी झाले असते. बाबली नावाचा ट्रकवाला दारू सोडताना तडफडत होता, तेव्हा शमुवेल त्याच्या उशाशी बसून राहिला. त्याची ओकारी काढली, त्याची चादर धुतली. परक्याच्या घरी केर काढायला ज्याला लाज नाही, त्याचा हात स्वतःच्या घरी कळशीला लागत नसे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि गंमत अशी की, गावभर बुडा, बुडा म्हणून सांगणाऱ्याची बायकोच बुडालेली नव्हती. सुमंगलेला तान्हेपणी सावंतवाडीला थेंब शिंपडले होते, तेवढेच. शमुवेल जेवताना समजावी, चालताना समजावी. ती म्हणे, "बघूया." बाबली पुढे मंडळीत, म्हणजे शमुवेलच्या पंथाच्या लोकांत, आला आणि सुधारल्यावर जरा आगाऊही झाला. तो हसून म्हणे, "पाद्रीबाब, घरचीच कोरडी?" शमुवेलचे तोंड एवढेसे होई.

अखेर कोल्हापूरकडच्या मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे तिथल्या वरिष्ठ कारभाऱ्यांनी, निरोप धाडला. ते येऊन शमुवेलला पाळक नेमणार होते. पाळक म्हणजे मंडळीचा मुख्य. बोलावणे आल्यापासून त्याने मागितले ते हेच. पण अट होती. पाळकाच्या बायकोचा बाप्तिस्मा झालेला हवा, नाहीतर नेमणूक नाही. तेव्हा गोवा नुकताच घटक राज्य झाला होता, फटाक्यांचे कागद अजून माझ्यात तरंगत होते. उन्हाळ्याने विहीर तळाला गेलेली.

सुमंगला त्याच्या समोर येऊन म्हणाली, "मी उतरतंय पाण्यात."

शमुवेलच्या डोळ्यांत पाणी आले. "प्रभूची स्तुती असो!"

"थांबा. पण माझ्या बाप्तिस्म्याचा पाणी मी काढूचंय नाय."

शमुवेल गोंधळला. अगदी मनापासून गोंधळला आणि म्हणाला, "मग कोण काढणार?"

मित्रांनो, मला तोंड असते तर त्या दिवशी मी ओरडले असते. सुमंगला ओरडली नाही. तिने कळशी त्याच्या पायाशी ठेवली आणि ती आत गेली.

वडील यायच्या रविवारी सकाळी तो आधी बाबलीकडे धावला. बाबली भाडे घेऊन फोंड्याला गेलेला. मंडळीची बाकीची माणसे वडिलांबरोबरच बसने येणार होती. मग तो पद्मावतीआजीकडे गेला, तुमच्या गड्याला पाठवा म्हणाला. आजी जनेलातून, म्हणजे खिडकीतून, म्हणाली, "गडी खंय आसा? राज्य जालां म्हूण नाचूक गेलो तो अजून येवंक ना." त्याने आणखी कोणाला सांगता येईल का, म्हणून इकडे बघितले, तिकडे बघितले. शेवटी कळशी बघितली.

पहिली कळशी वर आली ती रिकामी, तळाशी उताणी पडून राहिली होती. "आडवी कर रे तिका, आडवी!" आजी ओरडली. दुसरी अर्ध्यावर आली आणि दोर हातातून सरसरत सुटला. तळहाताची साल निघाली. त्याने रुमाल गुंडाळला. तिसऱ्या कळशीला रुमाल लाल झाला. ऊन चढले, सदरा पाठीला चिकटला, तोंडातून प्रार्थना निघेना, नुसता श्वास निघत होता. मी कितीशी भरले म्हणाल? वीतभर.

तेवढ्यात वडील आले, सोबत मंडळी. पाळक व्हायचा माणूस घामाने निथळत रहाट ओढतो आहे, हे पाहून वडिलांच्या भुवया वर गेल्या. "उपदेशक, हे काय? आम्हाला परतीची गाडी गाठायची आहे. हे काम कोणालातरी सांगायचं होतं."

"वडील," शमुवेल धापा टाकत म्हणाला, "कोणालातरी म्हणजे माझी बायको. इतकी वर्षं तीच काढत होती. आज पाणी मी काढणार. तुमची गाडी चुकली तर चुकली. नेमणूक राहिली तर राहिली. बसा."

दोघा-तिघांनी पुढे येऊन दोराला हात घातला. त्याने तो घालू दिला नाही. दारात उभ्या असलेल्या सुमंगलेला त्याने विचारले, "किती वेळा केलंस गं हे?"

"मोजूक नाय," ती म्हणाली.

मी काठोकाठ भरले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. परतीची गाडी निघून गेली तरी वडील उठले नव्हते. सुमंगला माझ्या काठाशी आली. बुडण्याआधी साक्ष द्यायची असते, ती तिने दिली.

"ह्यांका देवान बोलावल्यान. माका कोणी इचारूक नाय. मी आपली पाणी काढीत रवलंय. देवावर माझो राग नाय. पण देवाचा काम ह्यांचा आणि पाणी माझा, असा देवच म्हणता काय, ह्या माका कळत नव्हता. म्हणान मी उतरूक नाय. आज कळला, देव तसा म्हणूक नाय. ह्येच तसे म्हणी होते." शमुवेलने हात पाठीमागे लपवले. तिने ते ओढून पुढे घेतले आणि सगळ्यांना दाखवले. "आता बुडवा माका."

त्या सोललेल्या हातांनी त्याने तिला धरले. पाण्याने जखमा झोंबत असणार. "घट्ट धर रे तिका!" जनेलातून आजी ओरडली. सुमंगला माझ्यात पुरती बुडाली आणि वर आली, तेव्हा तो रडत होता आणि ती हसत होती.

तो पाळक झाला. पण एका दिवसात माणूस बदलतो असे समजू नका. पुढच्या बाप्तिस्म्याच्या सकाळी तो पुन्हा डोळे मिटून पायरीवर बसलाच! सुमंगलेने दोराचे टोक त्याच्या मांडीवर टाकले. तो उठला. पुढे कधी टाकावे लागे, कधी लागत नसे.

आता गावात नळ आले आहेत. माझ्यात नारळाची सोललेली सोडणे आणि फुटक्या बाटल्या पडतात. त्या काढून कोणी मला धुतले तर बरे वाटेल, तळाची फट बुजवली तर गुरांना अजून पाणी मिळेल. पण मला धुवायला येण्याआधी, मित्रांनो, तुमच्या घरी पाणी कोण भरते ते डोळे उघडून बघा. ती दमली आहे का हे विचारत बसू नका. उठा, आणि तिच्या हातातली कळशी घ्या.