तळाला दादा

सुमेधाने बोटावर खोबरेल घेतलं आणि काळ्या लाकडातली माणसं एकेक करून चोळायला घेतली. एकाच्या खांद्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा, अशी ती वर चढत गेली होती. तिचे वडील अण्णा आफ्रिकेत दारेसलामच्या बंदरात कारकून असताना तिथल्या मकोंडे जमातीच्या एका कारागिराला घरच्यांविषयी सांगत बसायचे. त्याने एकाच ओंडक्यात त्यांचं अख्खं घर कोरून दिलं. सगळ्यात खालच्या माणसाच्या पायाशी रोमन अक्षरांत नाव होतं, दादा.

दादा म्हणजे उन्मेष. एकुलता एक मुलगा म्हणून सगळे त्याला दादाच म्हणत, त्याच्याहून मोठी सुमेधासुद्धा. "तळाला दादा आहे, म्हणून बाकीचे उभे आहेत," असं अण्णा पाहुण्यांना सांगत आणि मिशीत हसत. गिरगावातली ही खोली सांभाळली सुमेधाने, अंथरुणाला खिळलेल्या अण्णांचं सगळं केलं सुमेधाने. दादा आयत्या बिळावर नागोबा.

आज तो मुलीला, नूपुरला घेऊन ते लाकूड न्यायला आला होता.

"माझं नाव आहे त्याच्यावर. तुला काय करायचंय, ताई?"

"ने. शेवटी अण्णांनी तुझाच धोशा लावला होता."

तो धोशा तिच्या मनातून गेला नव्हता. अण्णा मराठी विसरत चालले होते. तिकडची स्वाहिली बोलत. पाण्याला 'माजी' म्हणत, तेवढं तिला कळे. बाकी दिवसभर दादा, दादा. तिला त्याचा हेवा वाटे आणि अण्णांचा रागही येई. त्यांच्या मुठीतून हात सोडवून ती गॅलरीत फोन लावायला जाई. दादा फोन उचलत नसे. ती अशीच बाहेर फोन लावत उभी असताना अण्णा गेले.

नूपुरने ऑफिसातल्या टांझानियाच्या मित्राला फोटो पाठवला होता. तिने मोबाईलवरचं उत्तर वाचलं.

"आत्या, खालची बाई आहे म्हणतो तो. वरच्या ओठात चकती आहे ना, ती त्यांच्यातल्या बायकाच घालायच्या."

"मग दादा कशाला लिहिलंय?" उन्मेष म्हणाला.

"त्यांच्या स्वाहिलीत दादा म्हणजे ताई."

सुमेधाचं बोट त्या ओठावर थांबलं. उन्मेषने एकदा तिच्याकडे, एकदा घड्याळाकडे पाहिलं.

"असेल. गाडी डबल पार्क केलीय, नूपुर, चल." त्याने लाकूड वरून धरून उचलून पाहिलं. "जड आहे गं. ताई, जरा खालून धर."

सुमेधाने तेलकट हात पदराला पुसले. अण्णांच्या मुठीतून हात सोडवताना किती जोर लावावा लागायचा, ते तिला आठवलं. मग तिने वाकून खालून धरलं.