न दुखलेला काटा

रंगूबाईचा पाय सकाळपासून घरात ठरत नव्हता. कुपवाडच्या दोन खोल्यांत ती दारापासून खिडकीपर्यंत जाई नि परत येई. धाकटा भाऊ धुळा मेंढरं घेऊन कोकणातून परतला होता, पलीकडच्या माळावर उतरला होता आणि उद्या आटपाडीची वाट धरणार होता. त्याच्यासोबत एकदा तरी गावापर्यंत चालत जायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"आवं आत्या, बसा की जरा," डबा भरता भरता सून रेश्मा म्हणाली. "आन् चपला घाला. साखर हाय तुमाला. डॉक्टरनी घरातबी अनवाणी फिरू नका म्हणून सांगितलंय."

दाराशी रुंद, मऊ चपला होत्या. त्याआधी रेश्मानं निमुळता, नाजूक जोड आणला होता, पण रंगूबाईची बोटं त्यात मावेचनात. जन्मभर माळ तुडवून ती पंज्यासारखी फाकली होती.

"चपला हायत का म्हशीचं खूर?" रंगूबाई म्हणाली. "लग्नात पयल्यांदा वहाणा घातल्या, तर मांडवातच काढून काखेत मारल्या मी. आन् आता तर काटाबी बोचत न्हाई मला. पाय पयल्यासारखं घट झाल्यात."

हे ती अभिमानानं सांगे. लहानपणी उन्हाळा सरता सरता तळवे असेच टणक होत. मग फुफाटा भाजत नसे, सराटा रुतत नसे. तेच दिवस पायांत परत आलेत, असं तिला वाटे.

रेश्मा कारखान्यात गेली, तशी रंगूबाई लुगड्याचा पदर खोचून बाहेर पडली. चपला दारातच राहिल्या.

माळावर धुळा एका मेंढीचा खूर मांडीवर घेऊन बसला होता. बहिणीला बघून तो हसला.

"आक्का! पळत आलीस जनू."

"उद्या मी बी येनार हाय. चालत."

"ये की. पर वाटंत दमलीस तर तुला गाढवावर घालीन बघ."

"तूच दमशील रं गाबड्या!"

बोलता बोलता धुळाची नजर तिच्या मागं गेली. पांढऱ्या फुफाट्यात तिच्या पावलागणिक एक लाल ठिपका उमटला होता.

त्यानं मेंढी सोडली, बहिणीला दगडावर बसवलं आणि तिचा पाय तसाच मांडीवर घेतला. टाचेत बाभळीचा काटा बुडापर्यंत गेला होता. शेजारी एक जुनी जखमही होती, कडेनं काळी पडलेली.

त्यानं कमरेचा चिमटा काढून काटा ओढला. "दुखतंय?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई म्हन्ते न्हवं!"

धुळा हळू म्हणाला, "मेंढरू लंगडतंय म्हून कळतं गं आक्का. तू लंगडलीबी न्हाईस. तुला न्हाई न्यायचो मी."

रंगूबाई भांडायला उठू लागली, पण त्यानं पाय सोडला नाही. लांब कळप उठला होता. पोरं हाकारे देत होती. तिचा जीव तिकडं ओढत होता.

"रेश्माला फोन लाव," शेवटी ती म्हणाली. "चपला घेऊन ये म्हनावं. दवाखान्यात जायाचं हाय."

धुळा मोबाइल काढून रेंज शोधत बाजूला गेला. रंगूबाईनं जखमेवर अंगठा ठेवला आणि दाबला. मग आणखी जोरात दाबला, आणि एखादी कळ तरी वर येते का याची वाट बघत राहिली.