शनिवार पाहिंगची आवृत्ती

शनिवारी सकाळी लुम्बुंगची नवी आवृत्ती जाहीर झाली. सही पाक हार्गोंची होती, ती करायची संगणकी किल्लीही त्यांचीच. दिवस मात्र त्यांचा नव्हता.

लुम्बुंग म्हणजे कणगी. गावोगावचे दवाखाने रुग्णांची माहिती साठवतात ते हे सॉफ्टवेअर. फुकट, आणि त्याचा कोड कोणीही उघडून बघावा असं. पाक, म्हणजे काका, हार्गोंनी ते जोग्जा शहरातल्या आपल्या पडवीत बसून लिहिलं. मी दवाखान्यात केसपेपर काढायचे. ते अडलं की त्यांना फोन करायचे, आणि असं करत करतच शिकून त्यांच्या जोडीने लुम्बुंग सांभाळू लागले. आता कुठली आवृत्ती कधी निघाली हे मला सासरच्या माणसांच्या नावांसारखं पाठ आहे.

आमच्याकडे सात वारांच्या जोडीला पाच बाजारवार चालतात. त्यातला पाहिंग शनिवारी आला की पाक हार्गोंच्या घरात खिळासुद्धा ठोकत नाहीत. अशाच एका दिवशी त्यांची आई गेली. लुम्बुंगच्या सगळ्या इतिहासात त्या दिवशी एकही आवृत्ती निघालेली नव्हती. आज निघाली.

म्हणजे किल्ली दुसऱ्याच्या हाती लागली होती. त्या सहीवर विसंबून दवाखाने आवृत्ती उतरवून घेतात. आत काही पेरलेलं असलं तर लोकांचे आजार चव्हाट्यावर येणार. मी आधी ती मागे घेतली, मग लिंतांगला फोन लावला.

हा दूरच्या मकासर शहरातला मुलगा तिथूनच लुम्बुंगच्या कामात मदत करू लागल्यापासून भलताच गोड वागायचा. मी त्याला मास म्हणजे दादा म्हणायचे, तो मला म्बाक म्हणजे ताई. मला सही कधी करू द्याल, असं येताजाता विचारायचा. मध्यंतरी येऊन पाकचा नवा संगणकही त्यानेच लावून दिला होता.

"मास लिंतांग, सकाळी कुठे होतास?"

"म्बाक वेनिंग, हे पोलीस म्हणून विचारताय की ताई म्हणून?"

"अजून ठरायचंय."

"झोपलो होतो. साक्षीला मांजर आहे."

"पाकची किल्ली तू पाहिलीस?"

तो म्हणाला, "संगणक लावताना त्यांनी मला खोलीबाहेर काढलं होतं. तुम्हीच तसं सांगितलेलं ना त्यांना?"

मीच सांगितलं होतं. तरी मी जाहीर झालेली आवृत्ती आमच्या उघड्या कोडशी ओळीला ओळ लावून पाहिली. काही निघालं नाही. पण साप दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असं थोडंच असतं. स्कूटर काढून मी पाककडे गेले.

ते पडवीत पारव्याच्या पिंजऱ्यात दाणे टाकत होते.

"पाक, आजची आवृत्ती कोणी काढली?"

"मीच. आणि मागे कोणी घेतली? तू? माझ्यावर शंका?"

"आज शनिवार पाहिंग आहे, पाक."

"बरं मग?" त्यांनी माझ्याकडे अगदी निर्मळ नजरेने पाहिलं. "पाहिंगला काय असतं?"

त्यांच्या बायकोने, बू सुलासिहने, चहाचा ग्लास माझ्यासमोर ठेवला. हात तिथेच राहिला. "परवा म्हणाले, आई बाजारातून अजून कशी आली नाही," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, झोपेत असतील."

दिवसभर मी चोर शोधत होते. चोर होता, पण तो पाकच्या आठवणींवर डल्ला मारत होता; किल्लीला त्याने हात लावला नव्हता.

पाकनी पिंजऱ्याचं दार लावलं. मग खिशातून दोरीला बांधलेली, संगणकाला लावायची किल्लीची काडी काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. "तूच ठेव, वेनिंग. हल्ली मी वस्तू कुठे ठेवतो कोण जाणे."

"तुमच्यासमोरच सही करत जाईन, पाक."

"नाहीतर काय. तुझ्यावर लक्ष ठेवायला नको?"

संध्याकाळी मी लिंतांगला फोन केला. "मास, तुझी किल्ली करून घे. यापुढे आपल्या दोघांच्या सह्या लागतील."

"शंका फिटली?"

"तुझ्यावरची."

रविवारी सकाळी पाकच्या शेजारी बसून मी तीच आवृत्ती पुन्हा जाहीर केली. तारीख रविवारची घातली. कशाला बदललीस, असं त्यांनी विचारलं.

"काल घरात आईंचा दिवस होता," मी म्हणाले.

"असं होय," ते म्हणाले, आणि मान डोलावली.