गोल अडवणाऱ्याची जर्सी

मित्रांनो, मी एक जुनी लोकरी जर्सी आहे आणि सध्या माझी नेमणूक सशांच्या खुराड्यावर आहे. रोज सकाळी जूझाबाई मला आपल्या काळ्या झग्यावर चढवतात, बाह्या दुमडतात आणि कोबीची पाने घेऊन परसात येतात. माझ्या पाठीवरच्या आकड्याचे सशांना काडीचे कौतुक नाही. एके काळी मात्र हजारो माणसे मला बघून ओरडत असत. ती दर वेळी प्रेमानेच ओरडत होती असे मी म्हणणार नाही.

माझा जन्म मेलबर्नच्या एका गिरणीत झाला. अस्सल मेंढीची लोकर, मरून रंग आणि छातीवर दुधी पट्टा. मी दिसायला देखणी होते, पण टोचत असे फार. आमच्या फुटबॉल क्लबात सामानसुमानाची सगळी व्यवस्था क्लॅरी नॅनकर्व्हिस नावाचे गृहस्थ बघत. त्यांनी माझ्या पाठीवर पाचाचा आकडा शिवला आणि एका शनिवारी, खेळाडूच्या घरच्यांना कपडे बदलायच्या खोलीत बोलावून, सगळ्या खेळाडूंसमोर मला एका उंच, हडकुळ्या तरुणाच्या हातात ठेवले. पहिल्या सामन्याआधी जर्सी अशीच द्यायची आमच्याकडे रीत आहे.

त्याचे नाव विन्सेंट झाहरा. क्लबात तो विन्स, आणि घरी, माल्टा बेटावरून बोटीने आलेल्या त्याच्या आईच्या तोंडी, चेन्सू. ती आई म्हणजे या जूझाबाई. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा त्यांनी माझी कड दोन बोटांत धरून चोळून पाहिली.

"लोकर बरी आहे," त्या म्हणाल्या. "पण कोपरांना अस्तर नाही लावलं कुणी. हा पोरगा दिवसभर जमिनीवर लोळणार, कोपरं राहतील का?"

"मा, गप्प बस ना," विन्स कुजबुजला.

"का गप्प बसू? धुणार मीच आहे!"

क्लॅरी खो खो हसले. त्या दिवसापासून खरोखरच मला जूझाबाईच धुऊ लागल्या.

विन्सची जागा फुलबॅकची. आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये गोलापाशी हातमोजे घालून कोणी उभा नसतो. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब असतात, आणि मधल्या दोन खांबांमधून चेंडू किक मारून पार केला की गोल. फुलबॅकने आपल्या खांबांपुढे उभे राहायचे, समोरच्या संघाच्या सगळ्यात दांडग्या गड्याला गोचिडासारखे चिकटायचे आणि त्याला चेंडू मिळू द्यायचा नाही. विन्सने हे काम वर्षानुवर्षे इमानेइतबारे केले. आठवडाभर तो गोदीत पोती उचलायचा आणि शनिवारी मी आणि तो चिखलात लोळायचो. कोणी माझी कॉलर ओढली, कोणी बाही फाडली, एकाने तर चक्क दात लावले. मला मात्र त्या धुमश्चक्रीत मजा यायची, खोटे कशाला बोलू?

एकच गोष्ट खटकायची. एवढ्या वर्षांत विन्सने एकही गोल मारला नव्हता. आपल्या खांबांची राखण करणारा गडी दुसऱ्या टोकाला जाणार कधी आणि मारणार कधी? पण रविवारी सशाचा रस्सा वाढताना जूझाबाई हटकून विषय काढायच्या.

"समोरची डोलोरिस विचारते, तुझा मुलगा गोल किती मारतो. काय सांगू तिला?"

"सांग, दुसऱ्यांना मारू देत नाही."

"हे काय सांगणं झालं? तिचा जावई बेकरीत आहे, तो काय सांगतो का, की मी पाव जळू देत नाही? तो सांगतो, मी पाव भाजतो!"

विन्स हसून पाव रश्श्यात बुडवायचा. पण मी त्याच्या अंगावरची जर्सी, मला त्याचे मन कळायचे. एकदा, फक्त एकदा, आईच्या डोळ्यांदेखत गोल मारायचा, हे त्याने मनाशी धरले होते.

जूझाबाई सामना चुकवत नसत. घडीचे स्टूल आणि थर्मास घेऊन त्या मैदानाच्या कठड्याशी उभ्या राहायच्या. सामन्याचे चार भाग असतात आणि प्रत्येक भागानंतर संघ बाजू बदलतात. त्याबरोबर आमचे सगळे पाठीराखे मफलर सावरत, हातातला खिमा भरलेला गरम 'मीट पाय' खात, मैदानाला वळसा घालून आपला संघ जिकडे गोल मारणार त्या टोकाला जातात. जूझाबाई नेमक्या त्या गर्दीच्या उलट्या दिशेने निघायच्या, कारण त्यांचा चेन्सू दुसऱ्या टोकाला उभा असायचा.

"अहो मिसेस झाहरा, चुकलात की काय! गोल इकडे होणार," लोक म्हणायचे.

"होऊ दे. माझं पोर तिकडे आहे," असे म्हणून त्या स्टुलाने वाट काढत पुढे जायच्या.

मध्ये एक वाईट वर्ष आले. विन्सचा गुडघा निखळला आणि मी क्लॅरींच्या ट्रंकेत पडून राहिले. तिथे कसरीने माझ्या काखेत मुक्काम ठोकला. वर बातमी आली की आता कृत्रिम धाग्याच्या, हलक्या, चकचकीत जर्स्या येणार. माझे दिवस भरले असे मी समजून चालले. पण विन्स लंगडतच परतला आणि म्हणाला, "क्लॅरी, मला हीच द्या. त्या नव्या जर्स्या अंगावर असल्यासारख्या वाटतच नाहीत." जूझाबाईंनी भोके रफू केली, कोपरांना हवे होते ते अस्तरही लावले, आणि आम्ही पुन्हा मैदानात उतरलो. त्या दिवशी मला रडू आले असते, पण लोकर भिजली की वाळायला फार वेळ लागतो.

मग त्याच्या शेवटच्या सामन्याचा दिवस उजाडला. अख्ख्या पश्चिम मेलबर्नला ठाऊक होते की झाहराच्या नावावर एकही गोल नाही. चौथ्या भागात आमची आघाडी एवढी झाली की हरण्याची भीती उरली नाही. तेव्हा कोचने निरोप पाठवला: विन्सला पुढे पाठवा, गोल मारू दे त्याला. त्याच्या जागेवर राखीव खेळाडूंतला एक उभा केला. आमचा कप्तान केल ब्रॅडक ओरडला, "विन्स, खांब कसे दिसतात ते पाहून घे, या बाजूने कधी बघितले नाहीस!" गर्दी हसली. मी मात्र घामाने चिंब झाले होते.

पहिला चेंडू त्याने मारला तो थेट खांबावर आदळला. "आई गं!" सगळ्या मैदानाने एकदम म्हटले. मग बराच वेळ चेंडू आलाच नाही. घड्याळ संपत आले. अखेर केलने स्वतः गोल मारायचा सोडून चेंडू उंच विन्सकडे टाकला. विन्सने उडी मारून तो हवेत स्वच्छ झेलला. असा झेल घेतला की निवांत किक मारायला मिळते. तो चार पावले मागे गेला. त्याचे काळीज माझ्या दुधी पट्ट्याखाली धडधडत होते. त्याने किक मारली.

पांढऱ्या कोटातल्या पंचाने दोन बोटे पुढे केली आणि दोन्ही झेंडे फडकवले. गोल!

खेळाडूचा पहिला गोल झाला की सगळा संघ असेल तिथून धावत त्याच्या अंगावर पडतो. सहसा हे कोवळ्या पोरांच्या नशिबी असते. इथे टक्कल पडलेल्या गड्यावर सगळे तुटून पडले. विन्सची जागा राखणारासुद्धा जागा सोडून धावत आला. तेवढ्यात सामना संपल्याचा भोंगा वाजला. केलने आणि दुसऱ्या एकाने विन्सला खांद्यावर घेतले. विन्स मान वळवून त्या टोकाच्या कठड्यावर आईला शोधू लागला. आई कुठेच नव्हती.

"केल, मला पलीकडच्या टोकाला घेऊन चला."

"वेड लागलं का? म्हशीएवढा जड आहेस तू!"

"मा तिकडे आहे, बाबा. ती तिकडेच गेली असणार."

शिव्या घालत त्यांनी त्याला अख्खे मैदान पार करून नेले. जूझाबाई घडी केलेले स्टूल बगलेत मारून, रिकाम्या कठड्याशी एकट्याच उभ्या होत्या. चेहरा रागावलेला.

"मा! गोल मारला मी! दिसला का?"

"इथून काय दिसणार? सगळे धावत सुटले, मला वाटलं तुझा गुडघा गेला."

विन्सचे खांदे माझ्या आत खाली आले. "एवढा एक दाखवायचा होता गं तुला."

"गोल काय, तिकडचा कुणीही मारतो!" जूझाबाई कडाडल्या. "इथे कुणाला उभं केलंत? त्या पोराच्या डोक्यावरून दोन गोल गेले, दोन! इतकी वर्षं मी या खांबांमागे उभी आहे, चेन्सू. तू असताना मला कधी भीती वाटली नाही रे. आज वाटली."

केलने मान खाली घातली. विन्स खांद्यांवरून उतरला, कठड्यावरून वाकून त्याने आईला मिठी मारली आणि माझ्या बाहीने डोळे पुसले.

क्लॅरी मला मागायला आले. क्लबात काचेचे कपाट होते, त्यात मला लावायचे म्हणाले. "काचेत कशाला? थंडीने गारठलेय मी," जूझाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला तिथल्या तिथे, चिखलासकट, अंगात घातले.

तेव्हापासून मी इथे सुखात आहे. लोकरीला अंगाची ऊब हवी असते, गरम पाण्याची नाही; म्हणून तुमच्या घरच्या जुन्या लोकरी कपड्यांना गरम पाण्यात घालू नका आणि एका भोकासाठी टाकून देऊ नका. आणि मित्रांनो, कधी मैदानावर गेलात, तर एखादा भाग तरी गर्दीच्या उलट्या टोकाला जाऊन उभे राहा. तिथे कोणीतरी जिवाचे रान करून काहीतरी होऊ देत नसते. ते गुणांच्या फळ्यावर कोणी लिहीत नाही. तुम्ही तिथे उभे आहात, एवढे त्याला दिसले तरी पुष्कळ झाले.