तेलाचा थेंब आणि माझा थेंब

मी एक अर्धी रिकामी बाटली आहे, मित्रांनो. उंची तुमच्या करंगळीएवढी, पोटात डोळ्यांत घालायचं औषध. सध्या एका घड्याळजीकाकांच्या ड्रॉवरमध्ये, तुटके काटे आणि जुने पट्टे यांच्या गर्दीत मी अडकून पडले आहे.

माझा जन्म अशा खोलीत झाला जिथे शिंकायचीसुद्धा सोय नव्हती, इतकी ती स्वच्छ! जंतू मारणारं औषध माझ्यात भरलं, ते टिकावं म्हणून आणखी एक औषध घातलं आणि तोंडाला सील ठोकलं. तेव्हा मी काय मिरवत होते म्हणून सांगू!

काकांच्या उजव्या बुबुळावर मांसाचा पडदा चढला होता. भिंग लावायचा डोळा तोच, म्हणजे पोटापाण्याचा. डॉक्टरबाईंनी पडदा कापून काढला. बुबुळाची वरची साल तेवढ्या जागी गेली आणि उघडी जखम राहिली. "दिवसातून चार वेळा, एकच थेंब," त्यांनी बजावलं. "सात दिवसांनी दाखवायला या."

पहिले दोन दिवस झकास गेले. "हिच्यामुळे डोळा वाचला बघ," काका काकूंना म्हणाले आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिसऱ्या दिवशी डोळ्यात खुपायला लागलं. दुकान बंद, हात शिवशिवत होते. जास्त थेंब घातले तर लवकर बरं वाटेल, असं काकांच्या डोक्यात शिरलं. झालं! दर तासाला मी डोळ्यावर उपडी.

मित्रांनो, जंतूंना दाराबाहेर ठेवणं एवढंच माझं काम. जखम डोळा स्वतः भरतो, कडेकडेने कोवळी साल पुढे सरकवत. मी तिच्यावर सारखी पडत राहिले, की माझ्यातली औषधं तिलाच झोंबतात आणि तिची वाढ रखडते. हे मला कळत होतं. पण सांगू कशी? तोंड उघडलं की माझ्यातून शब्द नाही, थेंबच पडतो. ज्या थेंबाने नुकसान होत होतं, तोच. इतकी घुसमट मी सीलबंद असतानाही सोसली नव्हती.

सातव्या दिवशी डॉक्टरबाईंनी डोळ्यात रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं. साल नव्हती तिथे हिरवा डाग चमकला.

"जखम होती तेवढीच आहे," त्या म्हणाल्या. "थेंब किती वेळा घालता?"

"चार वेळा," काकांनी धडधडीत खोटं ठोकून दिलं.

"चार कसले!" काकूंना राहवेना. "तासातासाला चाललंय."

डॉक्टरबाई गंभीर झाल्या. "ही साल धरली नाही, तर बुबुळावर डाग राहील. मग भिंगातून धूसरच दिसेल."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. काकू म्हणाल्या, "अहो, गिऱ्हाईकाने घड्याळात घरचं तेल ओतून आणलं की तुम्ही केवढे भडकता! सुईच्या टोकावर राहील तेवढंच तेल, नाहीतर सगळं चिकटून बसतं, हे कोण सांगतं हो?" काका ओशाळले.

डॉक्टरबाईंनी मला बंद केलं. टिकाऊपणाचं औषध नसलेली दुसरी बाटली दिली आणि जखम झाकायला डोळ्यात एक मऊ, पातळ लेन्स बसवली. या वेळी काकूंनी घड्याळ लावून चारच थेंब घातले. दोन आठवड्यांनी साल धरली. शटर वर गेलं, टिकटिक सुरू झाली. ड्रॉवरमध्ये ती ऐकून मला रडू आलं.

पण मी इथे कशी? काकू मला फेकायला निघाल्या होत्या. "अगं, अर्धी आहे अजून. लागेल कधीतरी," म्हणत काकांनी मला आत टाकलं. उघडली की मी महिनाभरच चालते, आणि सील तुटून आता तीन महिने होतील. पोटात काय काय वाढलं असेल, माझं मलाच ठाऊक नाही. काल डोळा चुरचुरला म्हणून काकांनी मला बाहेर काढलं, टोपण उघडलं, मान मागे केली. माझा थेंब तोंडाशी आला होता. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मी परत अंधारात.

इतर वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी हात जोडून सांगते, मला जपू नका. काम संपलं की मला फेकून द्या, आणि डोळा चुरचुरला तर डॉक्टरांकडे जा.

थांबा, ड्रॉवर उघडतोय. काका एका हाताने डोळा चोळताहेत. मित्रांनो, कुणीतरी काकूंना हाक मारा!