दारावरच्या पट्टीचा रंग

शनिवारी दुपारी तीनला मुलीने लिंबू चिरलं आणि घरातला एकुलता एक नियम मोडला.

नियम वडिलांचा. त्यांनी तीस वर्षं एका मोठ्या हॉटेलात दारांच्या मुठी, कड्या, बिजागऱ्या सांभाळल्या. तिथे रोज सकाळी सगळं पितळ लख्ख लागायचं. घरी मात्र त्यांनी पॉलिशची बाटली कधी येऊ दिली नाही. घरातल्या पितळाला फक्त कोरडं फडकं. वापरात ते तपकिरी होत गेलं. जिथे रोज हात लागे तिथे हा रंग एकसारखा चढला. सहा वर्षांपूर्वी गुडघे गेल्यापासून ते बाहेर पडत नसत. रोज दुपारी चारला झोपेतून उठून, जुन्या बनियनचा तुकडा घेऊन तेरा दारं-खिडक्यांची फेरी मात्र चुकत नसे.

मुलगी अडतीस वर्षांची. तीन आठवडे ती दुपारी वडील झोपले की न सांगता गल्लीच्या टोकाच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला जात होती. काम पसंत पडलं. छापखान्याच्या दुसऱ्या गावच्या शाखेत जागा होती, राहायची सोय होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं. आज सहाच्या आत कागदावर सही करायची होती. नाहीतर जागा दुसरीला.

गुरुवारी परतताना तिने आवाज होऊ नये म्हणून घामेजला पंजा मुठीखालच्या पितळी पट्टीवर दाबून आतून दार लोटलं होतं. आज तिथे चार बोटं काळी उमटलेली दिसली. तिने लिंबू-मीठ लावलं. डाग गेला, पण जागा नव्या भांड्यासारखी चमकली. मग आजूबाजूचं घासलं. मग अख्खी पट्टी.

चारला वडील उठले. पट्टीसमोर स्टूल ओढून बसले.

"ही काय नवरी नटवलीस?"

"डाग पडला होता, बाबा."

"डाग मी कालच पाहिला. तुझाच हात. करंगळी वाकडी आहे ना." त्यांनी फडकं गुडघ्यावर पसरलं. "आणि दाराची कडी तर तीन आठवडे दुपारची घासली जातेय. म्हटलं, सांगेल."

तिने सगळं सांगितलं. छापखाना, शाखा, सोमवार, सहा वाजता.

त्यांनी आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"हा रंग परत यायला वर्ष लागेल," ते म्हणाले. "तोवर रोज हात लागला पाहिजे, बाळा. नाहीतर चट्टे येतात. मी कुठे बाहेर जातो, माझा हात लागायला?"

"दादाला बोलवा. तो येतो म्हणालाय राहायला."

"त्याचा घामट हात? बेडूक बरा. कपाटाची कडी त्यानेच हिरवी केली."

तिला हसू आलं. त्याचाच तिला राग आला.

साडेपाच वाजले. वडील पट्टी पुसत होते, कोरडी, वरून खाली. पुसण्यासारखं काही नव्हतं. स्टूल दाराला टेकलेलं होतं आणि ते स्टुलावर.

"बाबा, उठा."

"पाच मिनिटं."

"तुमची पाच मिनिटं मी सहा वर्षं ऐकतेय."

"मी अडवलंय का तुला? गुडघा धरलाय."

खोटं नव्हतं. गुडघा खरंच धरत असे. पावणेसहा झाले. त्यांना हाताला धरून उठवणं तिच्या रोजच्या सवयीचं होतं. आज हात पुढे झाला नाही. उठवलं असतं तर खुर्चीत बसवावं लागलं असतं, मग शेक, मग चहा.

"स्टूल सरकवा," ती म्हणाली. "बसल्या बसल्या."

त्यांनी टाच रोवली. स्टूल वीतभर सरकलं. तेवढंच दार उघडलं. ती पोट आत ओढून, आडवी होऊन फटीतून निघू लागली. ओढणी बिजागरीत अडकली, ती तिने हिसकली.

"पट्टीला घामेजला हात लावू नकोस," ते मागून म्हणाले. "कडेला धरून ओढ."

तिने कड पट्टीसकट पूर्ण पंजात धरून दार आणखी चार बोटं ओढलं, खांदा सोडवला आणि जिना उतरू लागली.  वरून पट्टीवर फिरणाऱ्या फडक्याचा आवाज आला.