नखाएवढी खुंटी

कुवाबाराने डबा दोन्ही हातांनी पुढे सरकवला आणि मान खाली घातली. कंपनीत माफीचं वजन ठरलेलं होतं: किरकोळ तक्रारीला बिस्किटं, गंभीर तक्रारीला योकान या घट्ट मिठाईची जड वडी. आज डब्यात तीन वड्या होत्या.

“जुन्या लेन्स आमच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यालाही बसतील, असं माहितीपत्रकात छापलं होतं. ते तांत्रिकदृष्ट्या अशक्य ठरलं. आपली फार गैरसोय झाली.”

वाक्य पाठ होतं. लिहिलंही त्यानेच होतं. या महिन्यातलं हे अकरावं घर.

हिरानुमांनी चाळीस वर्षं गावातल्या लग्नांचे, शाळांचे फोटो काढले होते. डब्याला हात न लावता तेच अवघडून बसले होते.

“साहेब, उगाच तक्रार केली मी. आता बसते.”

“काय बसते?”

“लेन्स.”

चहा ठेवता ठेवता त्यांच्या बायकोने बिंग फोडलं. “तीन दिवस कानस घेऊन बसले होते, नव्याकोऱ्या कॅमेऱ्यावर! म्हटलं, एवढी हौस आहे तर माझ्या सुऱ्यांना धार लावा.”

हिरानुमांनी कॅमेरा पुढे केला. तीस वर्षांपूर्वीची लेन्स खट्‌कन बसली. लेन्स बसते त्या कडीच्या आतली, जुन्या लेन्सला अडवणारी खुंटी नाहीशी झाली होती. पडद्यावर त्यांची नात होती; पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा.

ती खुंटी कुवाबाराच्याच आराखड्यातली. नखाएवढी. “जुन्या बसल्या, तर नव्या काय आपण घरी नेऊन मांडायच्या?” असं बैठकीत त्याचे वरिष्ठ म्हणाले होते. सगळे हसले होते. तोही.

हिरानुमांनी कागदाची पुडी उलगडली. आत धातूचा चुरा होता.

“कंपनीची वस्तू, म्हणून ठेवली जपून. एक विचारू? ही होती कशासाठी?”



“सुरक्षेसाठी,” कुवाबारा म्हणाला.

“बघा!” बायको म्हणाली. “एवढ्या शिकलेल्या माणसांनी उगाच ठेवली असेल का?”

हिरानुमांचा चेहरा उतरला. दोन्ही हात चटईवर टेकून ते वाकले. “तुमच्या मेहनतीवर मी कानस चालवली. क्षमा करा.”

प्रशिक्षणात माफीसाठी पंचेचाळीस अंशांत, तीन सेकंद वाकायला शिकवलं होतं. कुवाबाराचं कपाळ चटईला लागलं आणि तिथेच राहिलं.

“अहो साहेब, उठा!” हिरानुमा घाबरले. “चूक माझी आहे.”

तो उठेना. मग पाहुण्याआधी मान वर कशी करायची, म्हणून त्यांनीही पुन्हा वाकून कपाळ टेकवलं.